पांढुर्लीचा पाऊस आणि वावीचा पाऊस

सिन्नर हे सीमेवरचे गाव आहे, असे मी म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर किंचित आश्चर्य उमटते. येथे परराज्याची हद्द नाही, नाके नाहीत, भाषेचा वाद नाही. दक्षिणेस नांदूर शिंगोटे ओलांडले की संगमनेर तालुका लागतो, पूर्वेस कोपरगाव. म्हणजे नाशिक जिल्हा संपून पूर्वीचा अहमदनगर आणि आताचा अहिल्यानगर जिल्हा सुरू होतो, इतकेच. त्या हद्दीची पाटी रस्त्याच्या कडेला उभी आहे. मला ज्या सीमेविषयी लिहावयाचे आहे, तिची पाटी कोठेही नाही. ती सीमा पावसाची आहे. ती तालुक्याच्या अंगावरून जाते आणि तिने येथील अनेक घरांचे भवितव्य ठरविले आहे. तिच्याकडे दुर्लक्ष केल्याने माझ्या हातून एकदा एक चूक घडली. तीही या निमित्ताने लिहून ठेवावी, असे बरेच दिवस मनात होते.

ही सीमा पाहावयाची असेल तर जुलै महिन्यात घोटीहून सिन्नरला यावे. अंतर पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. घोटीत खाचरे पाण्याने भरलेली असतात आणि बायका इरली किंवा प्लॅस्टिकचे कागद डोक्यावर घेऊन भाताची लावणी करीत असतात. डोंगर धुक्यात असतात, गाडीचे वायपर थांबविता येत नाहीत. पांढुर्लीपर्यंत पाऊस सोबत असतो. मात्र त्याचा जोर ओसरू लागलेला असतो. घोरवडच्या पुढे रस्ता कोरडा दिसू लागतो. सिन्नर शहरात अंगावर भुरभुर येते, छत्री उघडावी की नाही असा प्रश्न पडतो. तेथून शिर्डीच्या रस्त्याने मुसळगाव, पांगरी करीत वावीला पोहोचलो की ढग तेच, वाराही तोच. पण जमिनीवर धूळ उडत असते. बाजरी वीतभर वर येऊन मान टाकून उभी असते. सकाळच्या चहाला घोटीत भिजलेला माणूस दुपारच्या जेवणाला वावीत रुमालाने घाम पुसत असतो.

याचे कारण शाळेच्या भूगोलात सांगितलेले आहे, परंतु तेथे ते दोन ओळींत उरकले जाते. अरबी समुद्रावरून येणारे नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि आपले ओझे घाटमाथ्यावर रिकामे करतात. इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. डोंगर ओलांडून खाली उतरणारी हवा पुन्हा तापते, आणि तापलेली हवा ओल सोडत नाही, उलट जमिनीचीच ओल शोषून घेते. म्हणून सिन्नरच्या वाट्याला इगतपुरीच्या पाचवा-सहावा हिस्सा पाऊस येतो आणि तालुक्याच्या पूर्व टोकाला त्याहूनही कमी. आषाढातील आमच्याकडचा वारा ज्याने अनुभवला नाही, त्याला हे समजावून सांगणे कठीण आहे. दिवसभर डोक्यावरून काळे ढग घाईघाईने पूर्वेला जात असतात. त्यांच्या सावल्या शिवारावरून पळतात. माणसे ओट्यावर बसून त्यांच्याकडे पाहतात. ढग थांबत नाहीत. पट्ट्याच्या पठारावर अलीकडे पवनचक्क्या उभ्या राहिल्या आहेत. या वाऱ्याचा कोणाला तरी उपयोग झाला, एवढे समाधान.

या आडव्या प्रवासाला छेद देणारी आणखी एक रेषा आहे. कळसूबाईच्या रांगेचे फाटे पट्टा, औंढा असे पूर्वेकडे सरकत येतात आणि त्यांच्या उतारांवर पाण्याची वाटणी होते. उत्तरेच्या उतारावर पडलेला थेंब देवनदीतून गोदावरीकडे निघतो. दक्षिणेच्या उतारावर पडलेला थेंब म्हाळुंगीत जातो, भोजापूरच्या धरणात विसावतो आणि पुढे संगमनेरला प्रवरेस मिळतो. एकाच सरीतले, एकाच कड्यावर हातभर अंतराने पडलेले दोन थेंब असे वेगळे होतात आणि पुन्हा भेटतात ते थेट नेवाशाजवळ, प्रवरासंगमाला. लहानपणी आईबरोबर प्रवरासंगमावरून जाताना एसटीच्या खिडकीतून मी ते रुंद पाणी पाहिले होते. त्यात आमच्या गावचेही पाणी आहे, हे तेव्हा कोणी सांगितले नव्हते.

सिन्नर उष्ण कटिबंधात आहे, हेही सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही. कर्कवृत्त आमच्या उत्तरेस साडेतीन अंशांहून थोडे अधिक दूर आहे. त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. पहिल्यांदा मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात. त्या दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमारास गच्चीवर स्टीलचा पेला उभा ठेवला की त्याची सावली त्याच्याच तळाखाली नाहीशी होते. बाराला नव्हे, साडेबाराला. कारण घड्याळ देशाचे आणि सूर्य सिन्नरचा. नातवंडांना हा प्रयोग मी दरवर्षी दाखवितो. दुसऱ्यांदा सूर्य माथ्यावर येतो जुलैच्या चौथ्या आठवड्यात, तेव्हा मात्र ढगांमुळे पेल्याची सावली बहुधा आधीपासूनच नसते. एवढे असूनही समुद्रसपाटीपासूनच्या उंचीमुळे आमच्या रात्री कोकणातल्यासारख्या घामट नसतात. नाशिकहून येताना मोहदरी घाट चढून वर आले की हवेतला फरक पहाटेच्या वेळी सहज जाणवतो. डिसेंबर-जानेवारीत तर शालीवर शाल घ्यावी लागते.

आमचे घराणे धान्याच्या व्यापारातले. दादाजींचे दुकान पेठेत होते. त्यांना शिक्षण बेताचे, मोडी आणि हिशेब यापलीकडे नाही; परंतु पावसाची ही सीमा त्यांना कोणत्याही नकाशापेक्षा नेमकी ठाऊक होती. पावसाळ्यात दुकानात येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला ते भावाच्या आधी एक प्रश्न विचारीत, ‘ओल किती?’ पाऊस किती मिनिटे पडला, याला त्यांच्या लेखी अर्थ नव्हता. माती उकरल्यावर किती खोलवर ओल गेली, ते महत्त्वाचे. उत्तरे बोटांत आणि वितींत येत. ‘चार बोटं’, ‘वीतभर’, ‘वरवर भिजलं नुसतं’. ही उत्तरे ते बहीखात्याच्या मागच्या पानांवर गावाच्या नावापुढे, नक्षत्राच्या नावाखाली टिपून ठेवीत. ठाणगावला मृगात वीतभर. पांगरीला मृगात काही नाही, आर्द्रात दोन बोटे. वावीला काही नाही, काही नाही, आणि मग एकदम हस्तात ‘नांगरट फुटली’. पूर्वेचा भाग पश्चिमेच्या ढगांवर जगतच नाही, हे त्या पानांवरून स्वच्छ दिसते. त्याला पाणी देतो तो परतीचा पाऊस; उत्तरा-हस्तात दुपारनंतर पूर्वेकडून गडगडत येणारा, अर्ध्या शिवारात कोसळणारा आणि अर्धे कोरडे सोडणारा. त्या एका पावसावर रब्बीची ज्वारी, हरभरा आणि मुलीचे लग्न ठरत असे.

1972 साली मी चौदा वर्षांचा होतो. त्या सालची पाने मी पाहिली आहेत. तेथे गावांची नावे आहेत, नक्षत्रे आहेत आणि रकाने रिकामे आहेत. दादाजींनी ‘निरंक’ असेही लिहिले नाही. रोजगार हमीच्या कामांवर खडी फोडणारी माणसे, दुकानासमोर मिलोसाठी लागलेल्या रांगा आणि घरोघरी विड्या वळून चूल पेटविणाऱ्या बायका मला आठवतात. सिन्नरची विडी प्रसिद्ध आहे. तिच्यामुळे कोरड्या वर्षांत किती घरे तगली, याचा हिशेब मात्र कोणी ठेवल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

मी वाणिज्य शाखेचा पदव्युत्तर पदवीधर झालो आणि एका बँकेत लागलो. निरनिराळ्या शाखांत फिरून पुढे आपल्याच तालुक्यात कृषिकर्जाचे काम माझ्याकडे आले. नेमके वर्ष आणि शाखा मी लिहीत नाही, त्याची आवश्यकताही नाही. पीकपरिस्थितीचा एक अहवाल आम्हांला वरच्या कार्यालयाकडे पाठवावा लागे. त्यात ‘पर्जन्यमान’ असा एक रकाना होता आणि तो संपूर्ण तालुक्यासाठी एकच होता. त्या वर्षी पश्चिमेकडे पाऊस चांगला झाला होता. आलेले आकडे मी बेरजेस घेतले, भागाकार केला आणि रकान्यात सरासरी लिहिली. शेरा लिहिला, ‘समाधानकारक’. भागाकारात चूक नव्हती. तो मी दोनदा तपासला होता.

त्याच सुमारास वावीकडील एक शेतकरी शाखेत आले. वयाने माझ्याहून मोठे, डोक्याला टोपी, हातात कापडी पिशवी. खरिपाचे पीककर्ज फेडण्यास मुदत वाढवून मिळावी, एवढेच त्यांचे म्हणणे होते. गावाची पैसेवारी पन्नासच्या आत आली की अल्पमुदतीच्या कर्जाचे मध्यम मुदतीत रूपांतर करता येते. पण पैसेवारी अंतिम व्हावयास अवकाश होता आणि कर्जाच्या हप्त्याला नव्हता. अशा वेळी शाखेने परिस्थिती पाहून अनुकूल शिफारस केली असती तर वरून विचार होऊ शकला असता. मी त्यांच्यासमोर माझाच अहवाल उघडला आणि म्हणालो, ‘पाऊस तर समाधानकारक आहे.’

ते काही क्षण त्या कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘झाला ना साहेब. नाही कसं म्हणू? पण तो पांढुर्लीला झाला. आमच्याकडं नुसतं आभाळ आलं अन् गेलं.’

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मीही उद्धटपणे बोललो नाही. त्यांना पाणी दिले, पैसेवारी जाहीर झाली की या, असे सांगितले. माझ्या दृष्टीने मी नियमाने वागलो होतो. घरी दादाजींची बही कपाटात होती आणि तिच्यात वावी आणि पांढुर्ली ही नावे कधी एका रकान्यात आली नव्हती, हे मला त्या दिवशी आठवले नाही. आठवावयास हवे होते.

डिसेंबरात वसुलीच्या निमित्ताने मी मोटारसायकलवरून त्या भागात गेलो. त्यांच्या गोठ्यात दावणी होत्या, बैल नव्हते. हप्ता भरण्यासाठी जोडी घोटीच्या बाजारात विकली होती. ‘घोटीलाच का?’ असे मी विचारले. ‘तिकडं चारा आहे ना,’ ते म्हणाले. ‘इकडं कोण घेणार?’ पाऊस ज्या दिशेला थांबला होता, त्या दिशेला त्यांचे बैल गेले होते. काही दिवसांनी गावाची पैसेवारी अपेक्षेप्रमाणे पन्नासच्या आत आली. ज्यांनी हप्ता भरलेलाच नव्हता, त्यांच्या कर्जांचे रूपांतर झाले. ह्यांनी प्रामाणिकपणे भरला होता, त्यामुळे रूपांतर करावयास त्यांचे काही शिल्लकच नव्हते. पुढच्या हंगामासाठी त्यांना बैलांकरिता नवे कर्ज मिळवून देण्याची खटपट मी केली आणि ते मिळालेही. परंतु ते व्याजाचे कर्ज होते आणि विकलेली जोडी घरच्या गाईच्या पोटची होती. मी त्यांची क्षमा मागितली, तेव्हा ते संकोचून ‘तुमच्या हातात काय होतं साहेब’ असे म्हणाले. माझ्या हातात निदान एक शेरा होता.

त्यानंतर सेवानिवृत्त होईपर्यंत मी स्वतःपुरती एक वही ठेवली. रकाने दादाजींचेच, फक्त बोटांच्या जागी मिलिमीटर. तालुक्याचा आकडा मागणाऱ्या कागदावर मी तो देत असे आणि खाली पश्चिम भाग, मध्य भाग, पूर्व भाग असे तीन वेगळे आकडे जोडीत असे. काही वेळा वरून ‘अनावश्यक तपशील’ अशी सूचना आली. मी तो देत राहिलो. आता महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली आहेत आणि पीकविम्यासाठी तालुक्याहून लहान क्षेत्राचा विचार होतो, याचे मला मनापासून बरे वाटते. अर्थात एका मंडळातही किती गावे असतात, आणि हस्ताचा पाऊस बांधाच्या अलीकडे पडून पलीकडे पडत नाही, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

या भूमीवर माणसे फार पूर्वीपासून हा हिशेब करीत आली आहेत. यादवांचे राज्य देवगिरीला स्थिरावण्यापूर्वी सिन्नर हे त्यांचे महत्त्वाचे ठाणे होते. सेऊणपूर आणि सिंदीनगर या जुन्या नावांशी अभ्यासक त्याचा संबंध जोडतात. सिंदीनगर हे नाव मला विशेष आवडते. शिंदीचे झाड ओढ्याकाठी, जेथे जमिनीखाली ओल टिकते तेथे वाढते. ज्यांनी हे नाव ठेवले, त्यांनी आधी पाणी पाहिले असावे, असा माझा आपला तर्क; त्याला पुरावा नाही. गोंदेश्वराचे देऊळ पाहावयास येणारे शिखराचे आणि शिल्पांचे छायाचित्र घेतात, ते योग्यच आहे. मी मात्र त्याच्या काळ्या दगडाकडे पाहतो. आठ-नऊशे वर्षांच्या उन्हाने आणि वाऱ्याने त्याची कातडी जागोजागी सुटली आहे. त्याहून कमी पाहिले जाते ते देवनदीवरचे बंधारे आणि त्यांतून काढलेले ब्रिटिशकालीन पाट. नदीचे पाणी वळवून, पंपाशिवाय, केवळ उताराने शेतापर्यंत नेण्याची ती व्यवस्था मध्यंतरी गाळाने आणि अनास्थेने बुजून गेली होती. युवा मित्र या संस्थेने शेतकऱ्यांना एकत्र करून ती पुन्हा वाहती केली. पावसाची सीमा हलविता येत नाही. तिच्या अलीकडचे पाणी पलीकडे चालवीत नेता येते, एवढे त्या पाटांनी दाखविले. सिन्नर शहरही तेच करते. आमच्या नळाला येणारे दारणेचे आणि कडव्याचे पाणी हा मुळात इगतपुरीकडचा पाऊस आहे. उलट ईशान्येला नांदूर मधमेश्वरला गोदावरी अडवलेली आहे. तेथे हिवाळ्यात परदेशी पक्षी उतरतात आणि 2020 साली त्या पाणथळीला महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून मान्यता मिळाली. तेथील कालवे कोपरगावकडे निघून जातात. आमचा बहुतेक पूर्व भाग उंचावर, त्यामुळे पाणी दिसते आणि चढत नाही.

अलीकडे या सीमेचाही भरवसा कमी झाला आहे. 1 सप्टेंबर 2022. गणेशोत्सवाचा दुसरा दिवस. आमची संवत्सरी आदल्याच दिवशी झाली होती. संध्याकाळी पाऊस सुरू झाला आणि काही तासांत एवढा कोसळला की शहरातून वाहणारी सरस्वती, जिला एरवी आम्ही नदी म्हणताना थोडे चाचरतो, तिने काठावरची दुकाने आणि घरे कवेत घेतली. ज्या पेठेत दादाजी ‘ओल किती’ विचारीत असत, तेथे रात्री लोक एकमेकांना ‘पाणी किती’ विचारीत होते. आणि पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 2023 अखेर शासनाने राज्यातील 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत मालेगाव आणि येवल्याबरोबर सिन्नर होते. चौदा महिन्यांत पूर आणि दुष्काळ. या दोन्ही वर्षांची सरासरी काढली तर कदाचित फार चांगला आकडा येईल.

आता माझ्या गच्चीवर एक साधे पर्जन्यमापक आहे. सकाळी साडेआठला मी ते मोजतो. अडीच मिलिमीटर भरले तर तो ‘पावसाचा दिवस’, हा हवामानशास्त्राचा नियम. त्याहून कमी भरले तरी मी लिहितोच. मग दोन दूरध्वनी करतो. एक पांढुर्लीला, माझ्या वर्गमित्राला. दुसरा वावीकडे. ते गृहस्थ आता नाहीत, त्यांचा मुलगा शेती करतो; डाळिंब लावले आहे, शेततळे आहे, ट्रॅक्टर आहे. त्याने पूर्वी कधी विचारले नव्हते, मागच्या पावसाळ्यात विचारले, ‘काका, तुम्ही रोज आमच्याकडचाच पाऊस का विचारता?’ मी त्याला सगळे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘बैलांचं मला आठवतंय. लहान होतो. एकाचं नाव सर्जा होतं.’ आणि लगेच, ‘आज लिहा, शून्य. पण पूर्वेला भरून आलंय.’

मी वहीत शून्य लिहिले आणि संध्याकाळसाठी खाली एक ओळ मोकळी ठेवली.